आजची सूचना आणि सर्वांचे पासवर्ड

१९६० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटीमध्ये ‘सीटीएसएस’ या प्रणालीमुळे एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येई. प्रवेश करताच टर्मिनलवर प्रशासकांची ‘आजची सूचना’ उमटे. एका शुक्रवारी मात्र तिच्या जागी सर्वांचे पासवर्ड छापले जाऊ लागले, तेही उघड, वाचता येतील असे!

एक प्रशासक सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डची यादी दुरुस्त करीत होता. एका डिरेक्टरीत एका वेळी एकच मनुष्य काम करील, या गृहीतकापायी एडिटर प्रत्येक तात्पुरत्या फाइलला तेच ठरावीक नाव देई. प्रशासकांची डिरेक्टरी तर सामायिक! फाइलींची अदलाबदल झाली. टॉम व्हॅन व्लेक यांना ऐन सायंकाळी कित्येक तास पासवर्ड बदलत बसावे लागले.