नोंदणीफलकाचे वर्षचिन्ह व नव्या मोटारीचा ताबा (ग्रेट ब्रिटन)

ग्रेट ब्रिटनमध्ये मोटारीची प्रथम नोंदणी कोणत्या काळात झाली, हे तिच्या नंबरप्लेटवरच दोन अंकांनी दर्शविलेले असते, आणि हे अंक दरवर्षी १ मार्च व १ सप्टेंबर या दोन तारखांना बदलतात. त्यामुळे ज्या ग्राहकाची नवी मोटार फेब्रुवारीच्या किंवा ऑगस्टच्या उत्तरार्धात विक्रेत्याकडे येऊन उभी राहते, त्याच्यापुढे ती तत्काळ ताब्यात घ्यावी, की आणखी काही दिवस थांबून नव्या अंकाची प्लेट लावून घ्यावी, असा प्रश्न उपस्थित होतो. घर सोडल्यास सामान्य कुटुंबाच्या आयुष्यात मोटारीएवढी मोठी खरेदी क्वचितच होते; म्हणून या प्रश्नाचा विचार हौसेवर न सोपविता हिशेबाने करणे इष्ट आहे.

सध्याच्या पद्धतीचा अंमल १ सप्टेंबर २००१ पासून सुरू झाला. तीनुसार प्लेटवर प्रथम दोन अक्षरे, नंतर दोन अंक व शेवटी तीन अक्षरे असतात. पहिल्या दोन अक्षरांवरून नोंदणीचा प्रदेश कळतो (लंडनसाठी एल, यॉर्कशायरसाठी वाय, वेल्ससाठी सी, स्कॉटलंडसाठी एस ही आद्याक्षरे नेमलेली आहेत), शेवटच्या तीन अक्षरांना विशेष अर्थ नसतो, आणि मधले दोन अंक काळ सांगतात. मार्चपासूनच्या सहामाहीला चालू सालाचे शेवटचे दोन अंक मिळतात व सप्टेंबरपासूनच्या सहामाहीला त्याच अंकांत ५० मिळवून येणारी संख्या मिळते. म्हणजे मार्च २०२५ मध्ये नोंदलेल्या मोटारीवर २५ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नोंदलेल्या मोटारीवर ७५. पद्धतीचा आरंभच सप्टेंबरात झाल्यामुळे तिचा पहिला अंक ५१ हा होता. हा अंक मोटार कारखान्यात केव्हा तयार झाली हे सांगत नाही, सरकारी दप्तरात तिचे नाव प्रथम केव्हा चढले एवढेच सांगतो. मागील शरद ऋतूत तयार होऊन गोदामाच्या आवारात पाच महिने पडून राहिलेली मोटारही १ मार्चला नोंदली गेली, तर नवी प्लेट घेऊनच रस्त्यावर येते. नव्या प्लेटसाठी थांबणाऱ्यांपैकी पुष्कळांचे या भेदाकडे लक्ष नसते, आणि मोहाचे मूळ बहुतांशी याच दुर्लक्षात आहे.

प्लेटवर काळ दर्शविण्याची ही प्रथा मुळात विक्रीसाठी जन्मास आलेली नाही. १९०३ च्या मोटारकार कायद्यान्वये १ जानेवारी १९०४ पासून नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा प्रत्येक परगण्याच्या कौन्सिलला आपली अक्षरे नेमून देण्यात आली आणि क्रमांक ओळीने दिले जाऊ लागले. विशिष्ट क्रमांकाची आसक्ती मात्र तेव्हापासूनचीच आहे. लंडनचा ए १ हा क्रमांक तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांचे थोरले बंधू, दुसरे अर्ल रसेल, यांनी मिळविला होता. पुढे मोटारींची संख्या इतकी वाढली की तीन अक्षरे व तीन अंक यांच्या जुळण्या कित्येक कौन्सिलांकडे संपुष्टात आल्या, आणि त्यावर तोड म्हणून १९६३ मध्ये क्रमांकाच्या शेवटी वर्षवाचक अक्षर जोडण्यास प्रारंभ झाला. मिडलसेक्सने त्यात पुढाकार घेतला. सर्वत्र ही पद्धत लागू होण्यास १९६५ उजाडले. क्रमांकांची टंचाई दूर करण्याच्या या उपायाचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की प्रत्येक मोटारीचे वय शेजाऱ्यापाजाऱ्यांना व रस्त्यावरील परक्या माणसालाही दुरून वाचता येऊ लागले.

अक्षर प्रथम १ जानेवारीस बदलत असे. साहजिकच नोव्हेंबर-डिसेंबरात मोटार घेऊन चार आठवड्यांत ती ‘गेल्या वर्षीची’ ठरविण्यास ग्राहक राजी होईनात, आणि वर्षअखेरीस विक्रेत्यांची दुकाने ओस पडू लागली. व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून १९६७ मध्ये बदलाची तारीख १ ऑगस्ट करण्यात आली. त्यामुळे ई हे अक्षर केवळ सातच महिने चालले. परंतु रोग बरा न होता त्याने नुसती जागा बदलली. १ ऑगस्ट हा मोटारविक्रीचा वार्षिक महोत्सवच होऊन बसला, काही विक्रेते मध्यरात्रीच दारे उघडून किल्ल्या देऊ लागले आणि पुढे एकट्या ऑगस्टात वर्षाच्या विक्रीचा सुमारे चौथा हिस्सा एकवटू लागला. १९८३ मध्ये वर्षाक्षर शेवटून आरंभी आले, तरी महिना ऑगस्टच राहिला. अकरा महिने मंदी व एक महिना महापूर अशा चक्रात कारखाने, मालवाहतूकदार व विक्रेत्यांचे कारागीर हे सारेच भरडले जात असल्याने अखेर १९९९ पासून वर्षातून दोनदा, मार्चमध्ये व सप्टेंबरात, चिन्ह बदलण्याचा निर्णय झाला. एस हे अक्षर त्यामुळे ऑगस्ट १९९८ ते फेब्रुवारी १९९९ असे सात महिने टिकले आणि १ मार्च १९९९ रोजी टी आले.

एका महापुराचे दोन पूर झाले, यापलीकडे ग्राहकांची वृत्ती बदलली नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत देशात सुमारे ८५ हजार नव्या मोटारी नोंदल्या गेल्या आणि लगतच्या मार्चमध्ये सुमारे ३ लाख १८ हजार. त्याच वर्षी ऑगस्टात सुमारे ८५ हजार, तर सप्टेंबरात सुमारे २ लाख ७५ हजार. या आकड्यांत व्यावसायिक ताफ्यांसाठी घेतलेल्या मोटारींचाही मोठा भाग असतो. तरीही थांबण्याची सवय किती खोल रुजलेली आहे, हे त्यांवरून स्पष्ट व्हावे.

थांबण्याचा लाभ काल्पनिक नव्हे. जुन्या मोटारींचा बाजार प्लेटच्या अंकावर चालतो; भाव ठरविणाऱ्या मार्गदर्शिका मॉडेल, प्लेट व धाव यांच्या आधारे किंमत मांडतात, जाहिरातीत प्लेटचा अंक ठळक छापला जातो, आणि त्यामुळे २८ फेब्रुवारीस व १ मार्चला नोंदलेल्या दोन सारख्या मोटारींत वयाचा भेद एका दिवसाचा असूनही बाजार त्यांत सहा महिन्यांचे अंतर मानतो. ज्याला दोन-तीन वर्षांतच मोटार विकावयाची किंवा बदली द्यावयाची आहे, त्याला हे अंतर पैशांच्या रूपाने परत मिळण्याचा संभव असतो. मात्र काळ जाईल तसे ते विरत जाते. आठ-दहा वर्षांच्या मोटारीची किंमत ठरविताना खरीदार तिची धाव, देखभालीची नोंदवही, गंज व टायर पाहतो. तेथे एका सहामाहीचे वजन फारसे उरत नाही. हप्तेबंदीच्या ज्या करारात मुदतीअंती मोटारीची किमान किंमत आधीच लिहून दिलेली असते आणि ग्राहक ती परत करण्याच्या इराद्यानेच घेतो, त्यात प्लेटचा लाभ पुढे विक्रीतून नव्हे, तर आज ठरणाऱ्या हप्त्यातूनच मिळावयास हवा. म्हणून अशा ग्राहकाने दोन्ही तारखांची हप्त्यांची लेखी पत्रके मागवून शेजारी ठेवावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

हानीची बाजूही तितकीच खरी आहे. फेब्रुवारी व ऑगस्ट हे विक्रेत्याचे निकडीचे महिने. उभा असलेला माल जुन्या अंकाखाली निघून जावा अशी त्याची इच्छा असते, आणि त्या निकडीतून मिळणारी सवलत पुष्कळदा प्लेटच्या पुढील लाभाहून मोठी भरते. हातची जुनी मोटार बदली द्यावयाची असेल, तर नव्या प्लेटबरोबर तिचे वय बाजाराच्या दृष्टीने आणखी एका पायरीने वाढते आणि त्याच आठवड्यांत बदलीच्या मोटारींची गर्दी झाल्याने तिचा भाव उतरण्याचा संभव असतो; तिची वार्षिक तपासणी, करभरणा किंवा विमा मध्येच संपत असेल, तर तो खर्चही थांबण्याच्या खात्यात मांडला पाहिजे. प्रस्तुत लेखकास सर्वाधिक चिंतनीय वाटते ती मात्र गर्दीच. १ मार्चला एकाच दिवशी कित्येक मोटारींची अंतिम तपासणी व स्वच्छता उरकणाऱ्या कारागिरांकडून प्रत्येक मोटारीस पुरेसा वेळ मिळावा, ही अपेक्षा माणसाच्या शक्तीबाहेरची आहे, आणि त्या घाईचा दोष कारागिरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्याला नवी प्लेट हवीच, त्याने महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ताबा घेतल्यास अंक तोच मिळतो व मोटार निवांतपणे पाहून घेता येते.

कराची गोष्ट निराळी, व तीत तारखेची किंमत रोकडी असते. वाहनकराचे नवे दर १ एप्रिलपासून लागू होतात, आणि मोटार कोणत्या दराखाली येते हे तिच्या प्रथम नोंदणीच्या दिवशी ठरते. १ एप्रिल २०२५ रोजी पेट्रोल-डिझेलच्या बहुतेक मोटारींचा पहिल्या वर्षाचा कर दुप्पट झाला; दर किलोमीटरला १३१ ते १५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या मोटारीवर तो २७० पौंडांवरून ५४० पौंडांवर गेला. विजेच्या मोटारींवरही त्याच दिवसापासून कर आला, आणि ४० हजार पौंडांहून अधिक किमतीची विजेची मोटार १ एप्रिलपूर्वी नोंदलेली असल्यास दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षे द्यावा लागणारा अधिभार तिला माफ राहिला. विजेच्या मोटारींसाठी हा अधिभार आरंभी दरसाल ४२५ पौंड असा ठरला होता. फेब्रुवारीतून मार्चमध्ये सरकण्याने जे मिळते, त्याहून मार्चमधून एप्रिलमध्ये घसरण्याने कितीतरी अधिक जाऊ शकते. म्हणून मार्चच्या प्लेटसाठी थांबणाऱ्याने करारपत्रात ‘१ मार्चपूर्वी नाही’ एवढेच न लिहविता ‘३१ मार्चनंतरही नाही’ हेही लिहवून घ्यावे. उत्पादकाची हमी व पहिल्या सक्तीच्या तपासणीची तीन वर्षांची मुदत हीदेखील नोंदणीच्या दिवसापासूनच मोजली जातात, ताब्याच्या दिवसापासून नव्हे.

या सर्वांचा विचार करता, मोटार सात-आठ वर्षे वापरण्याचा ज्याचा निश्चय आहे त्याने थांबू नये, सवलत मागून मोटार घ्यावी. तीन वर्षांच्या आत विकणाऱ्याने, मार्च अथवा सप्टेंबर दोन-तीन आठवड्यांवर आला असेल आणि सवलत बुडत नसेल तर, थांबावे. आणि दोन महिन्यांहून अधिक काळ कोणीही केवळ अंकासाठी थांबू नये, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. नोंदणीचा दिवस उजाडल्यावर मात्र मागे फिरता येत नाही. मोटारीला हौसेचा खासगी क्रमांक लावण्याची मुभा कायदा देतो. पण त्यायोगे ती आहे त्याहून नवी भासत असेल, तर तो लावू देत नाही.

शेजारच्या आयर्लंडमध्ये १९८७ पासून प्लेटच्या आरंभी साल असते. तेथे २०१३ पासून सालापुढे सहामाहीचा अंक जोडून १३१ व १३२ अशी रचना केली गेली. विक्री जानेवारी व जुलै यांत विभागावी हा त्यात हेतू होता, आणि १३ या अशुभ मानलेल्या अंकामुळे ग्राहक बिचकतील ही भीतीही त्यामागे होती. उत्तर आयर्लंडच्या प्लेटवर मात्र कोणतेही वर्षचिन्ह नाही. त्यामुळे तेथील क्रमांक विकत घेऊन आपल्या मोटारीचे वय झाकणारे लोक इंग्लंडातही आढळतात.

महाराष्ट्रातील प्लेटवरही वर्ष नसते. येथे ग्राहक डिसेंबरात बनलेली मोटार टाळतो तो उत्पादनाच्या सालामुळे, आणि ताबा लांबवितो तो दसऱ्यासाठी किंवा पाडव्यासाठी. इंग्लंडात स्थायिक झालेल्या व मुहूर्त पाळणाऱ्या मराठी कुटुंबांना ही दोन्ही पंचांगे एकत्र पाहावी लागतात. सप्टेंबरची प्लेट येते त्या महिन्यात बहुधा पितृपक्ष असतो; गुढीपाडवा मार्चच्या प्लेटला सोयीचा, पण तो कधी १ एप्रिलच्या अलीकडे तर कधी पलीकडे पडतो. २०२५ मध्ये तो ३० मार्चला, कर दुप्पट होण्याच्या दोनच दिवस आधी, आला. २०२४ मध्ये तो ९ एप्रिलला होता. अशा वर्षी विक्रेत्यास सांगून नोंदणी मार्चअखेरीस करून ठेवता येते व मोटार पाडव्याच्या दिवशी घरी आणता येते, कारण नोंदणी आणि ताबा या दोन क्रिया कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र आहेत. मधल्या दिवसांत मोटार विक्रेत्याच्या आवारात असताना तिचा विमा कोणाच्या नावे राहील, एवढे मात्र आधी लिहून घ्यावे लागते.