गुडघ्यांची साक्ष

निपाणीला आमच्या घरी पंचांग होते, पण पावसासाठी ते उघडण्याची गरज कुणाला वाटत नसे. मृग लागायच्या चार-सहा दिवस आधी आई चुलीपुढून उठताना भिंतीचा आधार घ्यायची आणि म्हणायची, "आभाळ भरलं बघ. गुडघं बोलाय लागलं." आम्ही मुले अंगणात जाऊन वर पाहत असू. कधी आभाळ खरोखरच भरून आलेले असे, कधी लख्ख ऊन पडलेले असे. ऊन असले तर आई म्हणायची, "आज न्हाई तर उद्या येतोय." आणि उद्या नाही तर परवा पाऊस येईच, कारण महिना जूनचा होता.

पुढे मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. लढाया, तह आणि सनावळ्या शिकवण्यात उभे आयुष्य गेले. पण दुखण्यालाही इतिहास असतो हे काही सुचले नाही. ते सुचले २००६ साली, माझे स्वतःचे गुडघे बोलायला लागले तेव्हा. तेव्हापासून आईच्या त्या वाक्याचा माग मी काढतो आहे. हा लेख म्हणजे त्या शोधाची हकिगत.

आपल्या सीमाभागात या दुखण्याचे नाव ठरलेले आहे: वात. मराठी घरात 'वाताचा त्रास' म्हणतात. शेजारच्या कन्नड घरात सांधेदुखीला 'कीलु नोवु' म्हणत असले, तरी कारण विचारले की तिथेही वातच पुढे येतो. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली आणि कागल तेव्हाच्या मुंबई राज्यात राहिले व निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. पण वाताची वाटणी झाली नाही. पावसाळा आला की कागलची आजी आणि निपाणीची आजी एकाच दिवशी निर्गुडीचा पाला शोधू लागतात.

ही समजूत अडाण्यांची मुळीच नव्हे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतू आणि दोष यांचे गणित स्पष्ट मांडले आहे. ग्रीष्मात वात साठतो, वर्षा ऋतूत तो खवळतो आणि शरदात शांत होतो. ग्रंथ हजार वर्षांहून जुना. माधवनिदानात आमवाताला स्वतंत्र रोग म्हणून जागा मिळाली, तीही तितकीच जुनी गोष्ट. तिकडे ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत हवा, पाणी आणि प्रदेश यांवर एक स्वतंत्र प्रकरणग्रंथच आहे. वैद्याने नव्या गावात पाय ठेवताच तिथले वारे आणि ऋतू आधी पाहावेत, असा त्याचा उपदेश. दोन दूरच्या संस्कृतींनी आभाळ आणि शरीर यांची गाठ अशी बांधून ठेवली होती.

आपला मुलूख तर या विचाराला पोषकच. खानापूरकडच्या रानात पाऊस कोसळतो, बेळगावात दिवसचे दिवस झिमझिम आणि गारठा असतो, निपाणीला तो बेताचा होतो आणि पुढे अथणीकडे गेले की आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. तरण्या पावसात भिजलेली घोंगडी म्हाताऱ्या पावसातही वाळत नाही, असे दिवस बेळगावकरांना सांगायला नकोत. अशा ओलीत सांधे धरले, तर दोष दुसऱ्या कुणाला द्यायचा?

उपायही ऋतूबरोबरच ठरलेले असत. आमच्याकडे रोहिणी नक्षत्रातच तेलाची बाटली भरून ठेवली जाई. निर्गुडीचा पाला उकळून त्याचा शेक, एरंडाचे पान तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधणे, फडक्यात जाड मीठ बांधून त्याची पुरचुंडी फिरवणे, हे रात्रीचे काम. पावटा, वाल, वांगे हे 'वातूळ' म्हणून ताटातून कमी होत. थंडीत ऐपतीप्रमाणे मेथीचे नाहीतर डिंकाचे लाडू. काही ठिकाणी बिब्बा घालत, डागही देत. त्याच्या खुणा मी म्हाताऱ्या माणसांच्या पोटऱ्यांवर पाहिल्या आहेत. त्या खुणा पाहिल्यावर जुने ते सगळेच सोने, असे म्हणवत नाही.

इथपर्यंत सगळे जुळते. पण आईच्या गुडघ्यांचा इतिहास इथे संपत नाही. खरे म्हणजे तो इथे सुरूही होत नाही.

आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. निपाणी म्हणजे विडीच्या तंबाखूची पेठ. शेतातून आलेला माल वखारीत कुटायचा, चाळायचा, पाखडायचा आणि पोत्यात भरायचा, हे काम प्रामुख्याने बाया करीत. दिवसभर उकिडवे किंवा एक पाय मुडपून चाळणीपुढे बसायचे. नाकातोंडात भुकटी, डोळ्यांना आग, कंबर वाकलेली. घरी आल्यावर काही बाया पुन्हा विड्या वळायला बसत. भिजवलेले टेंभुर्णीचे पान कात्रीने कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा गुंडाळायचा. आणि मजुरीचा हिशेब हजार विड्यांवर. हजाराचा आकडा गाठेपर्यंत मांडीवरचे सूप खाली ठेवायचे नाही. त्यात गुडघ्यांनी, बोटांनी आणि मानेने काय सोसले, ते मोजण्याचे माप कुठल्या वहीत नव्हते.

आता गंमत पाहा. वर्षाचे आठ महिने हे गुडघे मुडपलेले असत आणि दुखत ते पावसाळ्यात. निदान बोलले जाई ते पावसाळ्यात. उरलेले आठ महिने त्या दुखण्याला 'काम' म्हणत. आईने गुडघ्यांची तक्रार वखारीत केल्याचे मला आठवत नाही. ती तिने नेहमी पावसाकडे केली. पावसाला मजुरी कापता येत नाही आणि उद्यापासून येऊ नको असेही सांगता येत नाही. गरीब बाईने मोकळेपणाने दोष द्यावा असा तो एकच होता.

१९८० च्या आगेमागे निपाणीच्या या बायांनी सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने संघटना बांधली आणि त्या रस्त्यावर उतरल्या. अनिल अवचटांनी त्यांच्यावर लिहिले. 'युगांतर' या गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला. १९८१ सालचे शेतकऱ्यांचे तंबाखू आंदोलन, महामार्गावरचा ठिय्या आणि ६ एप्रिलचा गोळीबार हे आपल्या भागाच्या इतिहासात नोंदले गेले, आणि ते योग्यच झाले. पण त्याच तंबाखूने झिजवलेल्या सांध्यांचा इतिहास घरातल्या तेलाच्या बाटलीपाशीच राहिला. मीही इतिहासाचा मास्तर. पण त्या बाटलीकडे साधन म्हणून मी कधी पाहिले नाही.

मग आले २००६ साल. त्या वर्षी आपल्या भागात ताप आला आणि गावेच्या गावे वाकली. तरणे गडी काठी घेऊन परसाकडे जाऊ लागले. पहिल्या आठवड्यात लोक म्हणाले, वाताची साथ आली. मग नाव कळले: चिकुनगुन्या. नाव ऐकून कित्येकांनी कोंबडी खाणे सोडले. कोंबडीचा आणि त्या नावाचा काही संबंध नाही. पूर्व आफ्रिकेत, त्या वेळच्या टांगानिकात, १९५२-५३ साली ही साथ ओळखली गेली आणि तिथल्या माकोंडे भाषेतून हे नाव आले. त्याचा आशय, माणसाला वाकवणारा. आपल्या लोकांनी डोळ्यांनी जे पाहिले, तेच त्या लोकांनी नावात ठेवले होते.

हा रोग आपल्याकडे नवाही नव्हता. १९६३ साली कलकत्त्यात, मग मद्रासला आणि १९७३ साली आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला त्याने ठाण मांडले होते. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षे तो जणू नाहीसा झाला आणि २००५ च्या अखेरीस परतला. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २००६ मध्ये दिलेल्या आकड्यांत भारतातले साडेबारा लाखांहून अधिक संशयित रुग्ण होते. त्यांत कर्नाटकातले ७,५२,२४५ आणि महाराष्ट्रातले २,५८,९९८. कोगनोळीचा रुग्ण एका रकान्यात आणि कागलचा दुसऱ्या. मध्ये नाका होता, पण डासाला नाक्यावर थांबवणार कोण?

रोग पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. जिथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे पिंपे आणि हौद भरून ठेवावेच लागतात. म्हणजे या साथीच्या मुळाशी पाणीपुरवठाही होता. पण ताप उतरल्यावर महिनोन् महिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षे सांधे धरून राहिले आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा दुखू लागले, तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, "हवा बदलली." पिंपाचे नाव कुणी काढले नाही. मीही नाही. आईची परंपरा मी अशी पुढे चालवली.

आता शास्त्राकडे वळतो. हवा आणि सांधे यांचे भांडण शास्त्रज्ञांनाही सहज सोडवता आलेले नाही. अमेरिकेत हॉलंडर नावाच्या डॉक्टरांनी १९६० च्या सुमारास बंद खोलीत रुग्णांना ठेवून खोलीतली हवा हवी तशी बदलून पाहिली. ओल वाढली आणि त्याच वेळी हवेचा दाब उतरला, की तक्रारी वाढल्या. रुग्ण मात्र मोजकेच होते. १९९६ साली रेडेलमायर आणि ट्वर्स्की या दोघांनी संधिवाताच्या १८ रुग्णांचे दुखणे पंधरा महिने हवामानाशी ताडून पाहिले आणि संबंध सापडला नाही असे सांगितले. त्यांचे म्हणणे असे, की जुळलेले दिवस माणसाच्या ध्यानात राहतात, न जुळलेले तो विसरतो. हे वाचताना मला अंगणातले ते लख्ख ऊन आठवले.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठाने हजारो लोकांकडून रोजच्या दुखण्याची नोंद मोबाइलवर घेतली. त्यांतल्या २,६५८ जणांच्या नोंदी तपासून २०१९ साली निष्कर्ष छापला: दमट, वाऱ्याच्या, कमी दाबाच्या दिवशी दुखणे किंचित वाढते. किती, तर साध्या दिवशी शंभरात पाच वेळा दुखण्याची शक्यता असेल, तर अशा दिवशी ती सहा होते. म्हणजे आई खोटे बोलत नव्हती. पण तिचे सगळे दुखणे पावसाचे नव्हते. शंभरातला तो एक पावसाचा. बाकीचे पाच कुणाचे, हा प्रश्न मात्र उरतोच.

हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. दोन पावसाळे एक वही ठेवली. एका रकान्यात पाऊस, दुसऱ्यात दुखणे आणि तिसऱ्यात दिवसभर काय केले ते. वही चाळल्यावर मास्तराची फजिती झाली. भर पावसाचे कितीतरी दिवस दुखण्याविना गेले होते. आणि दुखण्याच्या दिवसांपुढे तिसऱ्या रकान्यात बहुधा एकच गोष्ट होती: पाऊस म्हणून बाहेर पडलो नाही, दिवसभर बसून होतो. एका गुडघ्याच्या नोंदीला शास्त्र म्हणता येत नाही. पण तेव्हापासून पाऊस असला तरी मी व्हरांड्यात सकाळ-संध्याकाळ येरझाऱ्या घालतो, मांडी न घालता खुर्चीवर बसतो, गरम पाण्याचा शेक घेतो आणि डॉक्टरांनी सांगितलेले मांडीच्या स्नायूंचे व्यायाम चुकवत नाही. दुखणे गेलेले नाही. त्याचा मुक्काम आखडला आहे. बाजारातल्या अनोळखी पुड्यांनी मात्र दोन दिवसांत गुडघा पळायला लागला, तर सावध व्हावे. अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते आणि त्याची किंमत पुढे हाडांना मोजावी लागते.

बेळगावला २००६ साली, म्हणजे त्या साथीच्याच वर्षी, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे केंद्र सुरू झाले. आज ती राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आहे. निर्गुडी-एरंडाचे खरे-खोटे तपासण्याची जागा आपल्याच दारात असणे ही चांगली गोष्ट. पण पाल्याबरोबर चाळणीपुढे बसलेल्या बाईची बैठकही कुणीतरी तपासायला हवी.

इतिहासात साक्षीदार आणि आरोपी यांची गल्लत करू नये, असे मी मुलांना सांगत असे. आईच्या गुडघ्यांच्या बाबतीत मी तीच गल्लत पन्नास वर्षे केली. पाऊस साक्षीदार होता. दरवर्षी मृगाला तो दारात येऊन सांगे, की या बाईच्या सांध्यांचे काहीतरी बिनसले आहे. आम्ही त्यालाच आरोपी ठरवून मोकळे झालो आणि वखारीचे दार कुणी ठोठावले नाही.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा पाऊस सरलेला असेल आणि पहाटेचा गारठा सुरू झालेला असेल. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगाला आपण धर्म म्हणतो. पण रोजच्या तेल चोळण्याने म्हातारपण, शीण आणि वात दूर राहतात असे वाग्भटाचेही सांगणे आहे. आमच्या घरी त्या पहाटे आई सगळ्यांना तेल लावायची. सगळ्यांच्या शेवटी, वाटीत उरलेले तेल ती स्वतःच्या गुडघ्यांना लावायची, तेही उभ्या उभ्या, घाईत, कारण फराळाची पाने वाढायची असत.

यंदा वाटी आधी तिच्या वयाच्या कुणाकडे तरी न्या. तेल लावता लावता विचारा, हे गुडघे आयुष्यभर कुठे बसले होते. उत्तर द्यायला थोडा वेळ लागेल, कारण हे तिला आजवर बहुधा कुणी विचारलेले नसेल.