हाताचा घाम आणि मज्जातंतूंवरील शस्त्रक्रिया

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर हे गाव विडीच्या धंद्यासाठी फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. विडी-सिगारेटच्या व्यसनातून जे रोग उद्भवतात, त्यांपैकी एकात हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद होत जातात आणि अखेर बोटे काळी पडून झडतात. लिओ बर्जर यांनी १९०८ साली न्यूयॉर्क येथे या रोगाचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. भारतात या रोग्यांवर कंबरेतील अनुकंपी मज्जातंतू छेदण्याची शस्त्रक्रिया पुष्कळ वर्षे होत आली. तिने पाय उबदार होई आणि त्याबरोबरच कोरडाही पडे. पायाच्या रोग्याला हा कोरडेपणा गौण होय; परंतु ज्याचे तळहात जागेपणी सदैव ओले असतात, त्याला तोच वरदानासारखा वाटावा यात नवल नाही.

तळहाताचा अतिरिक्त घाम हा केवळ भित्रेपणाचा परिणाम नव्हे. तो बहुधा बाल्यात किंवा तारुण्याच्या उंबरठ्यावर सुरू होतो व पुष्कळदा एकाच कुटुंबातील अनेकांत आढळतो. उत्तरपत्रिका भिजते, हत्यार निसटते, कोणाच्या हातात हात देण्याचा संकोच वाटतो. जिवाला यात धोका नाही. पण जगणे मात्र अवघड होते.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस अनुकंपी मज्जातंतूंची गाठीगाठींची एकेक साखळी असते. रक्तवाहिन्यांचे आकुंचन आणि घर्मग्रंथींचे कार्य तिच्या आज्ञेने चालते. क्लोद बर्नार यांनी १८५२ च्या सुमारास सशाच्या मानेतील हा तंतू कापला, तेव्हा त्या बाजूचा कान तापलेला आढळला. पुढे १८८९ साली लिव्हरपूलचे विल्यम अलेक्झांडर यांनी अपस्मारासाठी, १९१६ साली रुमानियाचे योनेस्कु यांनी हृदयशूलासाठी आणि १९२४ साली सिडनी येथे रॉइल व हंटर यांनी ताठरलेल्या अवयवांसाठी या मज्जासंस्थेवर शस्त्र चालविले. अपस्मार व ताठरपणा यांविषयीची आशा फोल ठरली. घामासाठी म्हणून ही शस्त्रक्रिया कोट्झारेफ यांनी १९२० साली केली. आणि येथे मात्र फळ तत्काळ हाती आले.

अडचण होती ती वाटेची. छातीतील त्या गाठींपर्यंत पोहोचण्यास मोठा छेद घ्यावा लागे. १९४२ साली ह्यूज यांनी छातीत दुर्बीण घालून हे काम साधले, आणि ऑस्ट्रियातील कुक्स यांनी १९५४ साली अशा हजाराहून अधिक शस्त्रक्रियांचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. १९९० नंतर सूक्ष्म कॅमेऱ्याची जोड मिळाली. दोन-तीन लहान छिद्रे पुरेशी झाली आणि रोगी एक-दोन दिवसांत घरी जाऊ लागला. वाट सुकर झाली, तशी या मार्गाने जाणाऱ्यांची संख्याही वाढली.

परंतु शस्त्रक्रिया सोपी होणे आणि ती निर्धोक होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रक्तस्राव किंवा छातीत हवा साठणे हे प्रसंग विरळा घडतात. वरची गाठ दुखावल्यास पापणी खाली उतरते व बाहुली आकसते. या लक्षणसमूहाचे वर्णन योहान हॉर्नर यांनी १८६९ सालीच केले होते. मात्र याहून फार अधिक आढळणारा परिणाम निराळाच आहे. हात कोरडे होतात आणि पाठ, पोट व मांड्या यांवर घाम वाहू लागतो. पुष्कळांना तो सोसवतो. काहींना मात्र दिवसातून अनेकदा वस्त्रे बदलावी लागतात. वैशाखात चाळिशीला टेकणाऱ्या नाशिकच्या उन्हाळ्यात याचा अर्थ काय, हे सांगावयास नको. हा घाम कोणाला किती येईल, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. तंतूवर चिमटा बसविला आणि नंतर तो काढला, तरी पूर्वस्थिती येईलच असे नाही. तैवान सरकारने २००४ साली वीस वर्षांखालील व्यक्तींवर ही शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली, ती याच अनुभवामुळे.

म्हणून उपायांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम ॲल्युमिनियम क्लोराइडचा लेप. नंतर साध्या पाण्यात हात बुडवून सौम्य विद्युत्प्रवाह देण्याचा उपचार, जो गर्भवतींना व हृदयात यंत्र बसविलेल्यांना वर्ज्य आहे. त्यानंतर पोटात घ्यावयाची औषधे, किंवा काही महिने गुण देणारी बोट्युलिनम विषाची टोचणी, जी दुखते आणि क्वचित हाताची पकड तात्पुरती सैल करते. हे सारे उपाय थांबविता येतात. कापलेला तंतू पूर्ववत् सांधता येत नाही.

या शस्त्रक्रियेने अनेकांचे जीवन सुखकर केले, हेही तितकेच खरे आहे. तेव्हा तिचा निषेध करण्याचे कारण नाही. मात्र सुरक्षितपणाचा हिशेब शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी संपत नाही. तो पुढील प्रत्येक उन्हाळ्यात मांडावा लागतो. कोरड्या हाताच्या मोबदल्यात काय द्यावे लागेल, हे ज्याला आधी नीट सांगितले गेले आहे, त्यानेच तो सौदा करावा.