कुत्र्याची खरूज आणि कॉलीचं कोडं

कुत्र्याला खरूज झाली की आयव्हरमेक्टिनचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं हे औषध 1981 मध्ये जनावरांसाठी बाजारात आलं. लवकरच एक विचित्र गोष्ट दिसली. इतर कुत्री सहज पचवतात तेवढ्या मात्रेनं काही कॉली कुत्री लटपटायची, बेशुद्ध पडायची, मरायचीसुद्धा.

‘कॉली नाजूकच’ म्हणून विषय मिटला असता. पण मग बाकीच्या कॉलींना काहीच का होत नाही? उत्तर 2001 मध्ये मिळालं. औषधाला मेंदूबाहेर ठेवणारं एक प्रथिन असतं. ते बनवणाऱ्या एमडीआर1 जनुकातली चार अक्षरं या कुत्र्यांत गळालेली होती.

पुढे 2004 मध्ये हाच बदल आणखी सात जातींत सापडला. त्यातल्या दोन तर कॉलीच्या नात्यातल्या वाटतही नव्हत्या! जनुकं आणि जातींचा इतिहास एकत्र वाचल्यावर माग पोचला ब्रिटनमधल्या एकाच कुत्र्यापर्यंत, जातींची नोंदणी सुरू होण्याआधीच्या, म्हणजे साधारण 1873 पूर्वीच्या.

तुमच्या आकडेवारीत न बसणारी दोन-चार उदाहरणं असतील, तर ती खोडण्याआधी त्यांची वंशावळ विचारा. आणि घरच्या कुत्र्याला गुरांचं इंजेक्शन परस्पर देऊ नका. आधी पशुवैद्यांना त्याची जात सांगा.