चाइल्डलाइन (१०९८)

चाइल्डलाइन ही संकटातील मुलांसाठी भारतात चोवीस तास चालणारी निःशुल्क दूरध्वनी मदतसेवा आहे. तिचा क्रमांक १०९८ असून ती जून १९९६ मध्ये मुंबईत, मुख्यतः रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी सुरू झाली.

उगम

टाटा समाजविज्ञान संस्थेत अध्यापन करणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांचा मुंबईतील रात्रनिवाऱ्यांत राहणाऱ्या मुलांशी संबंध आला. आजारपण, मारहाण अशा प्रसंगी ही मुले त्यांना रात्री-अपरात्री घरी दूरध्वनी करीत. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था शहरात होत्या, परंतु अवेळी धावून जाणारी सामाईक यंत्रणा नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी संस्थेचा क्षेत्रप्रकल्प म्हणून ही सेवा उभी राहिली. सार्वजनिक दूरध्वनीवरून पैसे न भरता हा क्रमांक लावता येई. 'दस-नौ-आठ' ही उलटी मोजणी अक्षरओळख नसलेल्या मुलाच्याही सहज लक्षात राहते. देशभरातील विस्तारासाठी १९९९ मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशनची स्थापना झाली.

सुटका आणि पुनर्वसन

दूरध्वनी आल्यावर साठ मिनिटांत मुलापर्यंत पोहोचणे हे कार्यकर्त्यांचे उद्दिष्ट असे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अशा बालकास प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर हजर करावे लागते. समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. सामाजिक चौकशीनंतर बालकाला कुटुंबाकडे सोपवायचे, प्रतिपालक कुटुंबाकडे द्यायचे की बालगृहात ठेवायचे, याचा निर्णय समिती घेते.

रस्त्यावरील मुलांना सरसकट 'अनाथ' म्हटले जाते. ते बहुधा चुकीचे असते. अनेकांचे आईवडील, निदान एक तरी पालक, हयात असतो. काही मुले पालकांसह पदपथावरच राहतात, काही गर्दीत हरवलेली असतात, तर काही घरातील मारहाणीला किंवा उपासमारीला कंटाळून रेल्वेने शहरात आलेली असतात. त्यामुळे घराचा पत्ता सापडला म्हणजे काम संपले असे होत नाही. पळून जाण्याचे कारण कायम असेल, तर घरी पोहोचवलेले मूल पुन्हा फलाटावर दिसते. पत्ता किंवा आडनाव न सांगणारे मूल नेहमीच ते विसरलेले असते असेही नाही. परत पाठवले जाण्याची भीती त्यामागे असू शकते. म्हणूनच चौकशीत मुलाचे स्वतःचे म्हणणे महत्त्वाचे ठरते. रेल्वे मंत्रालयाने २०१५ मध्ये स्थानकांवर आढळणाऱ्या मुलांसाठी कार्यपद्धती निश्चित केली.

अठराव्या वर्षी बालगृह सोडावे लागते. त्यानंतर एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षण सेवेची तरतूद कायद्यात आहे.

सरकारी यंत्रणेत समावेश

२०२३ पासून 'मिशन वात्सल्य' अंतर्गत १०९८ ही सेवा ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडण्यात येऊन तिचे संचालन स्वयंसेवी संस्थांकडून शासकीय नियंत्रण कक्षांकडे गेले. या बदलावर बालहक्क कार्यकर्त्यांनी चिंता व्यक्त केली होती. रस्त्यावरील मुले पोलिसांना घाबरतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.