माजी विद्यार्थी आणि नवे प्रवेश : आपल्या मुलांना विद्यापीठापर्यंत नेण्याचे काम

शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींनी मागून येणाऱ्यांना प्रवेशाची माहिती द्यावी, अर्ज भरून घ्यावेत, आणि प्रवेश झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस त्यांच्या सोबत राहावे, या कामाला काही परदेशी विद्यापीठांत रीतसर स्थान आहे. अमेरिकेतील एमआयटीचे माजी विद्यार्थी आपापल्या गावी राहून, एक पैसा न घेता, नव्या अर्जदारांच्या मुलाखती घेतात. आपल्या जनवाडा, औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात हे काम नात्यागोत्यातून चालत आले आहे. ज्याचा मामा शिकला त्याचा भाचा शिकला. ज्याला असा मामा नाही, त्याच्यासाठी मंडळाने काय करावे, याची माहिती सभासदांसाठी येथे एकत्र दिली आहे.

जुनी वाट

१९५६ पूर्वी बिदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुकेही त्याच जिल्ह्यात होते. उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद, आणि तेथे १९१८ साली स्थापन झालेले, उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ. मराठी शिक्षणासाठी हैदराबादेत विवेकवर्धिनी आणि कलबुर्गीत नूतन विद्यालय या संस्था त्याआधीच उभ्या राहिल्या होत्या. खेड्यातला मुलगा तेथे पोहोचायचा तो बहुधा आधी गेलेल्या कोणाच्या तरी ओळखीने, चिठ्ठीने.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि एकाच जिल्ह्यातील घरांच्या वाटा वेगळ्या झाल्या. उदगीर-निलंग्याच्या मुलांसाठी १९५८ साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ आले. बिदर-भालकीची मुले धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी जोडली गेली. त्या विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र १९७० मध्ये कलबुर्गीत आले आणि १९८० मध्ये स्वतंत्र गुलबर्गा विद्यापीठ झाले. मधल्या काळात पदवीनंतर शिकायचे तर धारवाड, हैदराबाद किंवा औरंगाबाद गाठावे लागे. कोणी कोठे जायचे, हे गुणांपेक्षा पाहुणे कोठे राहतात यावर ठरत असे.

आज विद्यापीठे जवळ आली आहेत. कलबुर्गीचे विद्यापीठ आहे. आळंद तालुक्यात कडगंची येथे २००९ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. बिदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे आणि भालकी तालुक्यात हालहळ्ळी येथे बिदर विद्यापीठ सुरू झाले आहे. तरीही मुलांची निवड पुष्कळदा बस कोठे जाते आणि मित्र कोठे नाव घालतो यावरच होते.

एकलव्यचे उदाहरण

या कामाचा मराठी मुलखातील चांगला नमुना म्हणजे यवतमाळची एकलव्य संस्था. तिचे संस्थापक राजू केंद्रे हे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्याचे, शेतकरी घरातले. मुक्त विद्यापीठातून पदवी, मेळघाटातील काम आणि मग टाटा समाजविज्ञान संस्थेच्या तुळजापूर आवारात पदव्युत्तर शिक्षण, असा त्यांचा प्रवास. २०१७ साली त्यांनी मित्रांना घेऊन एकलव्यचे काम सुरू केले. पुढे २०२१ मध्ये चेवनिंग शिष्यवृत्तीवर ते लंडनला शिकायला गेले.

एकलव्यची पद्धत साधी आहे. घरात पदवी घेणारा पहिलाच असलेला विद्यार्थी शोधायचा. देशात कोणत्या नामांकित संस्था आहेत, तेथे काय शिकवतात, हे त्याला शिबिरात सांगायचे. मग त्या संस्थांत शिकत असलेला किंवा शिकून आलेला एक मार्गदर्शक त्याच्याशी जोडून द्यायचा. अर्ज, प्रवेश परीक्षा, मुलाखत या सगळ्यांत तो मार्गदर्शक सोबत राहतो. ज्याला प्रवेश मिळाला, तो पुढे दुसऱ्यांचा मार्गदर्शक होतो.

आपल्या भागातून दरवर्षी कितीतरी माणसे तुळजाभवानीच्या दर्शनाला जातात. त्याच तुळजापुरात टाटा संस्थेचे आवार आहे आणि तेथे ग्रामविकासाचे शिक्षण मिळते, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असते? रस्ता माहीत असतो, दार माहीत नसते. माजी विद्यार्थ्याने ते दार दाखवायचे आहे.

सीमाभागातील मुलांसाठी चार गोष्टी

आपल्या मुलांना दोन राज्यांचे नियम लागतात. त्यामुळे स्वयंसेवकाला पुढील गोष्टी नीट माहीत हव्यात.

१. कलम ३७१ (जे). २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने हे कलम आले. त्यानुसार कल्याण कर्नाटकातील शिक्षणसंस्थांत ७० टक्के आणि राज्यस्तरीय संस्थांत ८ टक्के जागा या भागातील स्थानिकांसाठी आहेत. त्याचा दाखला सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून मिळतो. निकाल लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा पीयूसीच्या पहिल्या वर्षीच तो काढून ठेवावा. जात व उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून मिळतात.

२. लातूर-उदगीरला जाण्यापूर्वी. दहावीनंतर मुलांना लातूरला पाठवण्याची आपल्याकडे चाल आहे. कर्नाटकातील सीईटीच्या जागांसाठी मुख्य अट अशी, की पहिली ते बारावीत किमान सात वर्षे कर्नाटकात शिक्षण झालेले असावे आणि दहावी किंवा बारावी कर्नाटकातून उत्तीर्ण असावी. ज्याने दहावी औराद-भालकीत केली, त्याला सहसा अडचण येत नाही. ज्याला पाचवी-सहावीतच पलीकडे पाठवले, त्याने त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

३. महाराष्ट्रातील सवलत. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी तेथील अभियांत्रिकी प्रवेशात वेगळा प्रकार ठेवलेला आहे. त्यासाठी गाव त्या भागातील असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले लागतात. आपले गाव यादीत आहे का, हे आधी पाहावे.

४. परीक्षेची भाषा. केंद्रीय विद्यापीठांची पदवी प्रवेश परीक्षा १३ भाषांत होते. त्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. मराठी माध्यमाच्या मुलाला हे सांगितले की त्याची निम्मी भीती जाते. मात्र आत गेल्यावर शिकवणे मुख्यतः इंग्रजीत असते, हेही त्याच वेळी सांगावे.

वर्षाचे वेळापत्रक

ऑगस्ट-सप्टेंबर : पीयूसी आणि पदवीच्या शेवटच्या वर्षातील मुलांची यादी गावागावांतून तयार करावी.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : दिवाळीच्या सुट्टीत शिकणारी मुले गावी येतात. भेटी घडवून आणायला हाच काळ बरा. एखाद्या रविवारी शाळेत किंवा देवळाच्या सभामंडपात बसून प्रत्येकाने आपापल्या विद्यापीठाची माहिती द्यावी.

डिसेंबर ते मार्च : केंद्रीय परीक्षेचे आणि सीईटीचे अर्ज साधारण याच काळात निघतात. पदव्युत्तरचे अर्ज आधी, पदवीचे नंतर. तारखा दरवर्षी पुढेमागे होतात, म्हणून एका स्वयंसेवकाकडे फक्त तारखांचे काम द्यावे.

एप्रिल-मे : निकाल, पसंतीक्रम, वसतिगृहाचे अर्ज, कर्नाटकच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची नोंदणी.

जून-जुलै : प्रवेश आणि पहिला आठवडा.

पैशाचा हिशेब

बँकेत राहिल्यामुळे आम्ही या भागाकडे थोडे लक्ष देतो. आपल्याकडे घरात पैसा येतो तो तूर विकल्यावर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत. फी भरायची वेळ येते जून-जुलैत, नेमकी मृगाच्या पेरणीच्या तोंडावर. बियाणे आणि खत घ्यायचे की फी भरायची, असा प्रश्न पडतो तेव्हा फी मागे राहते. मुलीची असेल तर आणखी मागे. म्हणून स्वयंसेवकाने फीचा आकडा डिसेंबरातच घरी सांगावा. तुरीच्या पट्टीतून प्रवेशापुरती रक्कम मुलाच्या खात्यात बाजूला पडली, तर जूनमध्ये सावकाराकडे जावे लागत नाही.

शैक्षणिक कर्जाबद्दल भीती आणि गैरसमज दोन्ही आहेत. ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका साधारणतः तारण मागत नाहीत. केंद्राच्या पत हमी योजनेमुळे ही सोय ७.५ लाखांपर्यंत जाते. हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ठरावीक काळ व्याजात ३ टक्के सवलत आहे. यासाठी संस्था यादीत असावी लागते. म्हणून कॉलेज ठरवण्याआधी यादी पाहावी, नंतर नव्हे.

घरी गेल्यावर

मुलाशी बोलून काम होत नाही, घराशी बोलावे लागते. आजोबांना, काकांना मान देऊन आधी त्यांच्याशी बोलावे. मुलीच्या बाबतीत शक्यतो शिकून आलेली एखादी ताई सोबत असावी. वसतिगृहाचे दार किती वाजता बंद होते, जेवण कसे आहे, आजारी पडल्यास कोण बघते, सुट्टीला घरी कशी येणार, हे आईचे प्रश्न असतात. तेथे राहून आलेल्या ताईचे उत्तर त्या माउलीला पटते.

आणि खरे तेच सांगावे. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतील, वसतिगृह लांब असेल, त्या विषयाला नोकऱ्या कमी असतील, तर तसे सांगावे. काही खाजगी कॉलेजांसाठी मुले गोळा करणारे दलाल गावात फिरतात. त्यांना दर प्रवेशामागे पैसे मिळतात. आपल्या स्वयंसेवकाने कोणत्याही संस्थेकडून किंवा पालकाकडून काही घेऊ नये, मूळ गुणपत्रिका ताब्यात ठेवू नये, आणि मुलाचा पासवर्ड व ओटीपी स्वतःकडे घेऊ नये. अर्ज मुलाच्या हातूनच भरून घ्यावा.

पहिला आठवडा

प्रवेश मिळूनही परत आलेली मुले आपण पाहिली आहेत. बहुतेक पहिल्या महिन्यातच परततात. कारण अभ्यास क्वचितच असतो. खोली मिळत नाही, जेवण मानवत नाही, वर्गातले इंग्रजी कळत नाही आणि विचारायला कोणी नसते. म्हणून ज्या गावी मूल गेले, तेथे आपल्यापैकी कोणीतरी स्टँडवर उतरवून घ्यायला असावे. कलबुर्गी, बंगळूर, हैदराबाद, पुणे येथे आपली घरे आहेतच. पहिल्या रविवारी घरचे जेवण द्यावे, दवाखाना आणि बँक दाखवावी, वरच्या वर्गातील एका मुलाशी गाठ घालून द्यावी. महिनाभर आठवड्यातून एक फोन करावा. एवढ्याने पुष्कळ मुले टिकतात.

सभासदांनी काय करावे

आपल्या घरातील पदवीधर मुलामुलींची नावे, विद्यापीठ, विषय आणि सध्याचे गाव मंडळाकडे द्यावे. वर्षातून दोन रविवार आणि जूनमधला एक आठवडा एवढाच वेळ लागतो. ज्यांना वेळ नाही त्यांनी शहरातील आपल्या घरी दोन दिवस मूल उतरवून घेतले तरी ते मोठे काम आहे. यादीची सुरुवात दसऱ्यापूर्वी व्हावी, म्हणजे दिवाळीच्या भेटी साधतील आणि तुरीच्या पट्टीच्या आधी फीचा आकडा घरोघर पोहोचेल.