शिंदळ माकडी आणि फ्रेअरसाहेब

हिंगणे बुद्रुकचे कर्वेनगर झाले, ते कोणत्याही शास्त्राच्या नियमाने नव्हे. धोंडो केशव कर्वे यांनी 1900 मध्ये आपला विधवांसाठीचा आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला नेला आणि पुढे त्या परिसराने त्यांचेच नाव घेतले. वनस्पतिशास्त्रात मात्र नावे इतक्या सहजी बदलत नाहीत. वनस्पतीचे नाव दोन पदांचे असते. पहिले पद प्रजातीचे, म्हणजे घराण्याचे. दुसरे त्या विशिष्ट जातीचे. लिनियसने 1753 मध्ये रूढ केलेल्या या पद्धतीत आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य मानतात. हा नियम निःपक्षपाती वाटतो. सह्याद्रीतील एका लहानशा वनस्पतीची कथा वाचली म्हणजे त्यातील गुंतागुंत ध्यानात येते.

शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणी, कड्याच्या खाचांत ही रसाळ वनस्पती तग धरून आहे. पावसाळ्यात तिला पाने फुटतात, पुढे ती गळतात. तांबूस-जांभळ्या चांदणीसारख्या फुलांवर पिवळी नक्षी असते. मराठीत तिला शिंदळ माकडी म्हणतात. निकल डॅल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने, ज्याने अलेक्झांडर गिब्सनसह 1861 मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता, तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिच्यासाठी त्याने नवी प्रजातीच निर्माण केली आणि तिला तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर (कारकीर्द 1862 ते 1867) यांचे नाव दिले: फ्रेरिया इंडिका. घराणे गव्हर्नरसाहेबांचे, जात भारतीय.

पुढील शतकात अभ्यासकांना वाटू लागले की हिला स्वतंत्र घराणे नको. ती कॅराल्युमा या प्रजातीतच बसते. परंतु एकाच प्रजातीत दोन जातींना एक नाव चालत नाही, आणि ‘कॅराल्युमा इंडिका’ आधीच अस्तित्वात होती. म्हणून 1958 मध्ये गॉर्डन राउली यांनी नवे नाव योजले: कॅराल्युमा फ्रेराय. 2002 मध्ये जनुकीय पुराव्यांवरून ती बौसेरोसिया प्रजातीत गेली, तेव्हाही दुसरे पद तेच राहिले. नियमांच्या या वाटचालीत ‘इंडिका’ गळाली आणि साहेब मात्र टिकले. कोणीही वसाहतवादी हेतूने हे केले नाही, आणि म्हणूनच ते विचार करण्याजोगे आहे. इतिहासातील सत्ता नियमांच्या आश्रयाने, कुणाच्याही इच्छेवाचून, पुढे चालू राहू शकते.

येथे लोकनाम हेच खरे, निर्मळ नाव, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. कॅराल्युमाला मराठीत माकडशिंग म्हणतात. म्हणजे या दोघींचे नाते मराठी नावांतही उमटले आहे. पण शिंदळ या शब्दाचे काय करायचे? मराठी वाचकाला त्यात स्त्रीला दिलेली शिवीच ऐकू येते. ज्या समाजाने हा शब्द घडवला, त्याच समाजातील विधवांसाठी कर्व्यांना गावाबाहेर जागा शोधावी लागली होती. फ्रेअरचे नाव दरबारी मानाचे, शिंदळ हे नाव घरगुती अवमानाचे. वनस्पतीविषयी दोन्ही फारसे काही सांगत नाहीत, नाव देणाऱ्यांविषयी पुष्कळ सांगतात.

हा प्रश्न आता शास्त्रज्ञांपुढेही आला आहे. 2024 मध्ये माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत, आफ्रिकी लोकांना हिणवणाऱ्या ‘काफ्रा’ या पदाच्या जागी ‘आफ्रा’ वापरण्याचा निर्णय झाला. 2026 पासून प्रसिद्ध होणारी अवमानकारक नावे नाकारण्याची तरतूदही झाली. व्यक्तींच्या गौरवार्थ दिलेली जुनी नावे मात्र तशीच राहिली. फ्रेअर पुढे दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश उच्चायुक्त झाले आणि 1879 च्या झुलू युद्धाला त्यांचाच निर्वाणीचा खलिता कारण ठरला, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने या सूचीकडे कोशासारखे पाहावे. शब्दाची व्युत्पत्ती कळली म्हणून आपण तो वापरणे थांबवत नाही, पण पूर्वीइतक्या निरागसपणे वापरूही शकत नाही. फ्रेराय पुसले, तर डॅल्झेलने काय पाहिले होते याचा माग कठीण होईल. शिंदळ पुसले, तर आपणच काय बोलत आलो याचा. दोन्ही नावे जपावीत, आणि विद्यार्थ्याला शिकवताना त्यांच्यामागची माणसेही सांगावीत.